नाळेवर ट्रोलिंग मोटर बसवताना: भोक पाडण्याआधी ट्रेलरकडे बघा

नाळेवरची, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावरची ट्रोलिंग मोटर (होडी हळू चालवायची किंवा जागेवर धरायची बॅटरीवरची छोटी मोटर) मोडायची ती बहुतेकदा रॅम्पवरच, होडी पाण्यात सोडायच्या उतारावर मोडते. होडी ट्रेलरवरून सुटत असते, सगळ्यांचं लक्ष मागे पाण्याकडे आणि गाडीच्या ब्रेककडे असतं, आणि नेमक्या त्या वेळी पुढे विंचच्या (होडी ट्रेलरवर ओढायच्या चरकाच्या) खांबात पंखा नाहीतर शाफ्ट अडकतो. पंख्याचं एक पातं गेलं तर स्वस्तात सुटलात. शाफ्ट वाकला किंवा बैठकीचा (मोटर डेकवर धरून ठेवणाऱ्या चौकटीचा) सांधा तडकला तर मात्र तो हंगाम गेला असं धरून चाला, कारण हे सुटे भाग कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाहीत. या नुकसानीचं मूळ रॅम्पवर नसतं. मोटर कुठे बसवायची हे आपण अंगणात ड्रिल हातात घेऊन ठरवतो, तिथे दहा सेंटिमीटरची चूक झाली की ती दर वेळी होडी उतरवताना आडवी येते.

पुढची मापं १४ ते १८ फुटी फायबरच्या होडीसाठी आहेत. गोव्यात मांडवी, झुआरी, शापोरा किंवा साळ नदीत चोणक, तामसो या माशांच्या मागे जाणाऱ्यांकडे अशाच होड्या असतात, आणि त्या ट्रेलरवरून ने-आण करतात.

मोटर निवडताना

भरलेल्या होडीच्या दर ५० किलोमागे निदान १ किलो ढकलशक्ती, हा जुना हिशेब. माणसं, पेट्रोल, बॅटऱ्या धरून ६०० किलो भरत असतील तर १२ किलो झाले. पण हा हिशेब साचलेल्या पाण्याचा आहे. उधाणाच्या दिवसांत ओहोटीला झुआरीच्या तोंडाकडचं पाणी ओढतं तेव्हा १२ किलोची मोटर होडी जागेवर धरूच शकत नाही. दुप्पट घ्या. बाजारात हा आकडा पौंडांत सांगतात: ५५ पौंड म्हणजे साधारण २५ किलो, आणि ती १२ व्होल्टवर चालते. ८० पौंडांच्या मोटरला २४ व्होल्ट, म्हणजे दोन बॅटऱ्या लागतात.

मोटर खाऱ्या पाण्यासाठी बनवलेलीच घ्या. गोड्या पाण्याची मोटर दिसायला तशीच आणि किमतीला कमी असते, पण खाडीत तिचे स्क्रू आणि आतली जोडणी लवकर खराब होते.

शाफ्टची लांबी मोजायला होडी पाण्यात असावी, नेहमीची माणसं आणि सामान आत असावं. डेकच्या ज्या जागी बैठक बसणार तिथून पाण्यापर्यंतचं उभं अंतर मोजा, त्यात ५० सेंटिमीटर मिळवा, लाटांसाठी आणखी १२. पंखा निदान ३० सेंटिमीटर पाण्याखाली राहायला हवा. पणजीसमोर क्रूझ बोट किंवा खनिजाचा बार्ज शेजारून गेला की नाळ वर उचलली जाते. शाफ्ट आखूड असेल तर पंखा हवेत फिरतो. फार लांब शाफ्टही नको, कारण उचलून ठेवल्यावर तेवढीच मोटर डेकवर मागे पसरते.

होडी सुटताना नेमकं काय घडतं

मोटर उचलून ठेवली की शाफ्ट डेकवर मागच्या दिशेने आडवा होतो. खालची मोटर पंख्यासकट बैठकीच्या पुढच्या टोकाला, नाळेच्या काठावर आडवी टेकते. म्हणजे सगळ्यात नाजूक भाग सगळ्यात पुढे, विंचच्या खांबाच्या अगदी तोंडाशी. अंगणात बघताना मध्ये चांगली चार बोटं जागा दिसते आणि आपण निश्चिंत होतो.

रॅम्पवर ट्रेलर उतारावर तिरका उभा असतो, आणि त्यावरची होडीही तेवढीच तिरकी. पाणी मागून चढू लागलं की आधी मागची बाजू तरंगते. नाळ अजून विंचच्या खांबावरच्या रोलरवर टेकलेलीच असते. तरंगणारी होडी सपाट व्हायला बघते, म्हणून रॅम्पचा जेवढा उतार तेवढीच ती नाळेच्या टेकूवर पुढे कलते. टेकूच्या वर जे काही आहे ते पुढे आणि खाली सरकतं, अगदी विंचच्या दिशेने. अंगणातली चार बोटं इथे संपतात.

किती सरकेल हे आधीच काढता येतं. एक मीटर लांबीची सरळ पट्टी आणि लेव्हल घेऊन रॅम्पवर जा. पट्टीचं वरचं टोक जमिनीला टेकवा, पट्टी लेव्हलमध्ये धरा आणि खालच्या टोकाखाली किती सेंटिमीटर जागा राहते ते मोजा. समजा १२ भरले. मग होडीवर, नाळ जिथे रोलरला टेकते तिथपासून मोटरच्या जागेपर्यंतची उभी उंची मीटरमध्ये मोजा. समजा ०.७. दोन्हींचा गुणाकार ८.४, म्हणजे मोटर सुमारे साडेआठ सेंटिमीटर पुढे येणार. रॅम्प जास्त उभा असेल, पट्टीखाली २० भरले, तर १४ सेंटिमीटर. तुम्ही ज्या-ज्या रॅम्पवर जाता त्यांतला सगळ्यात उभा रॅम्प धरा, येईल त्या आकड्यात आणखी ५ सेंटिमीटर मिळवा, आणि सपाट जमिनीवर विंचच्या खांबापासून, त्याच्या हँडलपासून, वरच्या रोलरच्या फाट्यापासून मोटरचं अंतर त्याहून कमी राहणार नाही अशी जागा शोधा. हँडल विसरलं जातं. ते फिरवून मोटरच्या सगळ्यात जवळ येतं त्या जागी ठेवून मोजा.

थर्माकोलची मोटर

ड्रिल लावण्याआधी होडी एकदा उतरवून बघायची, फक्त खऱ्या मोटरऐवजी खोटी घेऊन. पॅकिंगचा थर्माकोल मोटरच्या लांबी-रुंदीला कापा, पंख्याच्या जागी पंख्याच्या व्यासाएवढी पुठ्ठ्याची चकती लावा, आणि हे सगळं ठरवलेल्या जागी डेकवर रुंद टेपने चिकटवा. मग नेहमीच्या रॅम्पवर, पाणी नेहमी असतं तेवढं असताना होडी उतरवा आणि परत चढवा. थर्माकोलवर कुठे खड्डा पडला, कुठे रंग घासला, ते बघा. चढवताना पडलेल्या खुणा उतरवतानाच्या खुणांपेक्षा वेगळ्या जागी असतात. चढवताना होडी जोरात आली तर नाळ रोलरवरून वर उसळते आणि मोटर खांबाच्या वरच्या टोकावर आदळते. थर्माकोलने हे एका फेरीत दाखवून दिलं तर तो सगळा खटाटोप सत्कारणी लागला.

खुणा पडल्या तर तीन उपाय आहेत, आणि आम्ही ते याच क्रमाने सुचवतो.

पहिला: बैठक मागे किंवा बाजूला घ्या. मधल्या रेषेच्या जवळ असणं चांगलं, होडी सरळ ओढली जाते. पण मधली रेषा म्हणजेच विंचची रेषा. बैठक ८-१० सेंटिमीटर डावीकडे किंवा उजवीकडे नेली आणि थोडी तिरकी बसवली तर चालवण्यात फारसा फरक जाणवत नाही आणि विंच मोकळा राहतो. मागे नेताना मात्र मर्यादा आहे. बैठकीचं पुढचं टोक होडीच्या काठावरच्या रबर पट्टीच्या बाहेर साधारण ४ सेंटिमीटर यायलाच हवं, नाहीतर मोटर खाली सोडताना नाळेला खरवडत जाते. नेमका आकडा तुमच्या मोटरच्या पुस्तिकेत असतो, तो पाळा.

दुसरा: विंचच्या खांबाचा वरचा फाटा बदला. रोलर नाळेच्या कडीच्या वर बसायला हवा, म्हणजे तो होडीला वर उसळू देत नाही. पुष्कळ ट्रेलरांवर त्याचा फाटा गरजेपेक्षा उंच असतो. वेल्डरकडून तो आखूड करून घेणं हे तासाभराचं काम.

तिसरा: खांबच पुढे सरकवा. यू-बोल्ट सैल केले की तो सरकतो, म्हणून हा उपाय आधी सुचतो, पण त्याच्याबरोबर होडीही पुढे येते. त्यामुळे गाडीच्या हुकवरचं वजन वाढतं. हुकवर एकूण वजनाच्या ५ ते १० टक्के भार असावा. खांब सरकवल्यावर हे पुन्हा तपासा.

यांतलं काहीच जमत नसेल तर क्विक रिलीज ब्रॅकेट घ्या. त्याची खालची पट्टी डेकवर कायम राहते आणि मोटर पिन काढून उचलून घेता येते. होडी तरंगेपर्यंत मोटर गाडीत. वजन आणि खर्च वाढतो, पण किनाऱ्यावरून होडी ढकलणाऱ्यांना तर हाच मार्ग आहे, त्याबद्दल पुढे.

भोकं आणि बोल्ट

जागा पक्की झाली की आधी डेकच्या खाली हात घाला. दिव्याची वायर, पेट्रोलची नळी, फोम, नांगराच्या कप्प्याची भिंत, काय आहे ते हाताने चाचपा. नाळेवरचं दोर बांधायचं क्लीट बैठकीखाली झाकलं जात नाही ना, तेही बघा. होडी उतरवताना तोच दोर हातात असतो.

बोल्ट ६ मिलिमीटरचे, ३१६ दर्जाच्या स्टेनलेसचे. ३०४ समुद्राच्या पाण्यात तांबेरतं. कमीत कमी चार, दोन्ही बाजूंना दोन-दोन, आणि एकमेकांपासून जमतील तेवढे लांब. बैठकीला सहा भोकं असतील तर सहाही वापरा. खाली नुसते वॉशर पुरत नाहीत. मोटर खांबाला अडकली तर झटका याच चार ठिकाणी बसतो आणि पातळ फायबरमधून वॉशर आरपार निघतात. १२ मिलिमीटरच्या मरीन प्लायवूडची किंवा ५ मिलिमीटर ॲल्युमिनियमची पट्टी खालून लावा, त्यावर मोठे वॉशर, त्यावर नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, सैल न होणारा). स्टेनलेसचा नट स्टेनलेसच्या बोल्टवर कोरडा आवळला तर मध्येच जाम होतो, ना पुढे ना मागे. आट्यांना अँटी-सीझ (जाम होऊ न देणारा लेप) लावा, ड्रिलने आवळू नका.

भोक पाडायचं असं. जागेवर कागदी टेप लावा आणि खूण त्यावर करा. सुरुवातीला ड्रिल उलटं फिरवा, म्हणजे वरचा चमकदार थर तडकत नाही, तो पार झाला की सुलटं. बिट ७ मिलिमीटर. भोकाच्या वरच्या तोंडाला मोठ्या बिटने हलकी उतरती कड द्या. नाकाला मास्क हवाच, काचेच्या धाग्यांची धूळ असते ती.

आधी एकच भोक पाडा. एक बोल्ट घाला, बैठक हाताने धरून मोटर पाच-सहा वेळा खाली सोडा आणि उचला. कुठे घासत नाही अशी खात्री झाली की बाकीची भोकं.

डेकच्या पोटात लाकूड असेल, ड्रिलबरोबर तपकिरी भुसा आला की कळतंच, तर भोक आधी १२ मिलिमीटरचं करा, खालून टेप लावून इपॉक्सीने भरा, एक दिवस वाळू द्या आणि मग त्यात ७ चं भोक पाडा. हे टाळलं तर पहिल्याच पावसाळ्यात लाकूड पाणी पितं, बोल्टभोवती पोकळ होतं, आणि बैठक हलायला लागते. सीलंट मरीन पॉलियुरेथेनचं वापरा. बाथरूमचं सिलिकॉन इथे टिकत नाही. ॲल्युमिनियमची बैठक आणि स्टेनलेसचा बोल्ट यांच्यामध्ये नायलॉनचा वॉशर घाला, खाऱ्या पाण्यात हे दोन धातू थेट भिडले की ॲल्युमिनियम पांढरं पडून झिजतं. दोन फेऱ्यांनंतर सगळे नट एकदा तपासा, रबरी बुश दबून ते थोडे सैल होतात.

वायर आणि ब्रेकर

५५ पौंडांची मोटर पूर्ण वेगात सुमारे ५० अँपिअर खेचते. बॅटरी मागे, मोटर पुढे, मध्ये ५ मीटर. जाऊन-येऊन १० मीटर १६ चौरस मिलिमीटरच्या वायरमध्ये अर्ध्या व्होल्टहून थोडा जास्त हरवतो, २५ च्या वायरमध्ये एक तृतीयांश व्होल्ट. २५ ची घ्या, कलई केलेल्या तांब्याची. ६० अँपिअरचा ब्रेकर बॅटरीपासून वीतभर अंतरावर, हात सहज पोहोचेल असा. गाडीची बॅटरी या कामाला चालत नाही, डीप सायकल (हळूहळू बरीच रिकामी होणं सोसणारी) १०० अँपिअर-अवर हवी.

हा ब्रेकर रॅम्पवरही कामाचा आहे. रिमोटची मोटर असेल तर खिशातलं बटण दाबलं जाऊन ट्रेलरवरच पंखा फिरू शकतो, आणि त्या वेळी शेजारी कोणाचा तरी हात असतो. होडी ट्रेलरवर असेपर्यंत ब्रेकर बंद.

रॅम्पवर

भरतीचा कोष्टक बघून निघा. आपल्याकडे दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी, आणि उधाणाला पाणी सुमारे दोन मीटर चढतं-उतरतं. भांगाला, म्हणजे लहान भरतीच्या दिवसांत, त्याहून बरंच कमी. चढतं पाणी अर्ध्यावर असताना उतरवणं सगळ्यात सोपं. सुक्या ओहोटीला रॅम्पचं खालचं टोक उघडं पडतं, तिथे शेवाळ, कालवं आणि पुढे चिखल. ट्रेलरची चाकं टोकावरून खाली घसरली की नाळ एकदम वर उसळते, आणि तुमचा सगळा हिशेब चुकतो.

१. रॅम्पच्या वर, वाट अडणार नाही अशा जागी थांबा. होडीच्या पाणी काढायच्या भोकाचं बूच लावा. मागचे पट्टे सोडा. मोटरचा पट्टा सोडू नका. मोटर बैठकीच्या खाचेत बसून खटका लागलेला आहे का ते हाताने हलवून बघा. खटका अर्धवट लागला असेल तर उतारावरच्या पहिल्याच हिसक्याला मोटर स्वतःहून खाली येते आणि शाफ्ट जमिनीवर आपटतो.

२. पंख्याचं पातं विंचकडे रोखलेलं नसावं. मोटर फिरवून ते होडीच्या आतल्या बाजूला घ्या.

३. क्लीटला ६-७ मीटरचा दोर बांधा आणि तो मोटरच्या बाहेरून घ्या. दोर बैठकीवरून किंवा शाफ्टखालून गेला असेल तर होडीला ओढ लागली की सगळा भार मोटरवर येतो.

४. गाडी सरळ मागे घ्या. वळणात ट्रेलर फार दुमडला तर मोटर गाडीच्या मागच्या काचेला लागते. एसयूव्हीचा मागचा दरवाजा वर उघडताना तर नक्कीच.

५. मागची बाजू तरंगू लागली की थांबा, हँडब्रेक लावा, चाकाखाली ओंडका घाला. आता विंच वीतभर सैल करा. होडी तेवढी मागे जाते आणि खांब आणि मोटर यांच्यामध्ये जागा होते. हँडल हातातून सुटू देऊ नका, त्याच्या फिरण्याच्या रेषेत हात-तोंड नको. होडी तरंगण्याआधी विंचचा हुक काढणं मात्र घातक. शेवाळलेल्या रॅम्पवर ती आपोआप निसटून सिमेंटवर आपटते.

६. आणखी थोडं मागे. नाळही सुटी झाली की हुक काढा, दोराने होडी बाजूला घ्या. ट्रेलर वर गेल्यावर, कंबरभर पाणी मिळाल्यावर मोटरचा पट्टा सोडा, आणि मग ब्रेकर चालू.

मदतीला आलेल्यांना आधी एक सांगा: मोटरला धरून होडी ओढायची नाही. धरायला नेमकी उंचीवर, हाताला सोयीची असल्यामुळे मदतीचा पहिला हात तिथेच जातो. शाफ्टवर लाल टेप गुंडाळून ठेवली तर दर वेळी सांगावं लागत नाही. कुंभारजुवे कालव्याच्या बाजूला उतरवत असाल तर पाण्यात उभं राहून ढकलण्याचा बेत नको, तिथे मगरी आहेत. दोरानेच काम करा.

चढवताना ट्रोलिंग मोटर उचलून, पट्टा लावून, ब्रेकर बंद करूनच ट्रेलरकडे या. आउटबोर्डच्या (मागच्या मुख्य इंजिनाच्या) जोरावर होडी ट्रेलरवर चढवायची सवय लावू नका. शेवटचा मीटर विंचने ओढा.

जेटी आणि किनारा

पक्क्या जेटीला होडी नाळेकडून बांधून जेवायला गेलात, पाणी चढत असेल, तर नाळेबाहेर आलेली मोटर जेटीच्या तुळईखाली सापडते. वर वाट नाही, पाणी थांबत नाही, आणि सगळ्या होडीची उचल मोटरच्या बैठकीवर येते. जेटीला होडी आडवी बांधा, मोटरची बाजू पाण्याकडे. तुम्ही नेहमी कुठल्या बाजूने लागता हे ठाऊक असेल तर बैठक उलट बाजूला बसवताना तेही ध्यानात घ्या.

वाळूवरून लाटांत होडी ढकलणाऱ्यांनी मोटर नाळेवर ठेवूच नये. पहिली लाट नाळेवरच फुटते, आणि खटका कितीही पक्का असला तरी लाटेच्या धक्क्यासाठी तो बनवलेला नाही. क्विक रिलीजने मोटर काढा, होडीच्या तळाशी गोधडीत गुंडाळून बांधा, लाटा पार झाल्यावर लावा.

परत आल्यावर

गोड्या पाण्याने धुवा, पण जोराच्या पाइपने नको. पाणी सीलच्या आत घुसतं. दर दोन-तीन फेऱ्यांनी पंख्याचा नट काढून आत बघा. तिथे गळाची तंगूस गुंडाळलेली सापडते, ती सील कापते आणि मोटरमध्ये पाणी जातं. पंख्याच्या मागचा जस्ताचा तुकडा अर्धा झिजला की बदला. मोटर फिरण्याचा आवाज येतो पण होडी हलत नाही, असं झालं तर पंख्याची आडवी पिन तुटलेली असते. दोन पिना, एक नट आणि पान्हा डब्यात कायम असू द्या. ते बदलायला पाच मिनिटं लागतात.

जूनमध्ये पाऊस लागला की मोटर उतरवून घरात आडवी ठेवा, बॅटरी पूर्ण भरून वेगळी. डेकवरची भोकं बोल्ट आणि थोडं सीलंट लावून बंद करा, उघडी सोडलेली भोकं चार महिने पाणी पितात.